उकाड्याचं इंग्रजी

जयसिंगला वेड लागलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लावण्यात काही पुरुषार्थ नाही. त्या पंधरा दिवसांत दौंडच्या सिद्दीक तारबाबूचा आणि राहूच्या पोपटरावांचा जीव टांगून झाला होता, तेवढा पुरे.

सिद्दीक मुलाणी दौंड स्टेशनात तारबाबू होता. पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्यांचे निरोप पुढं ढकलण्यात काढली होती. अमक्याचा बाप वारला, तमक्याची बदली झाली, मालगाडी पाटसला अडकली. या सगळ्यात त्याच्या स्वतःच्या नावानं एक तार कधी आली नाही. तेव्हा पुण्यात रशियन भाषेचा वर्ग निघालाय, फी नावापुरती आणि पुस्तकं फुकट, असं कळल्यावर तो एका रविवारी पास खिशात घालून गेला आणि तिथलाच झाला. दौंडला रशियन काय कामाचं, असं रेल्वे कॉलनीतले लोक तोंडावर विचारायचे. काही कामाचं नाही, असं तो सांगायचा, आणि खरं म्हणजे त्याला तेच आवडलं होतं. तीन वर्षांत त्याला बऱ्यापैकी वाचता यायला लागलं. आणि मग एकोणसाठ सालच्या ऑक्टोबरात एका दुपारी ते कामाचं निघालं.

तार ऑफिसचा पत्रा तापून आत भट्टी झाली होती. सिद्दीक सदऱ्याची वरची दोन बटणं सोडून बसला होता, तेवढ्यात दारात एक उंच, फेटा बांधलेला माणूस येऊन उभा राहिला. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, पण डोळे तांबारलेले. कितीतरी रात्री न झोपलेल्या माणसाचे असतात तसे.

"रशियन वाचनारं तारबाबू तुमीच का?"

"मीच. या आप्पा, बसा."

बसता बसता त्या माणसानं नाव सांगितलं. पोपटराव, गाव राहू. नाव सिद्दीकच्या कानावरून गेलेलं होतं. राहूच्या सोसायटीचे चेअरमन, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेला माणूस. 

"माजं पोरगं रशियात हाय. जयसिंग. पोलादाचं काम शिकाय सरकारनं धाडलंय, दीड वर्सासाठी. निम्मं गाव केडगाव स्टेशनावर घालवाय आलतं त्याला. आता दोन म्हयनं झालं, त्याचा कागद न्हाई. आन् त्याच्या बदली ही दोन आल्यात."

त्यांनी बंडीच्या खिशातून दोन लिफाफे काढले. एक दिल्लीच्या ऑफिसचं पत्र होतं, इंग्रजी, टाइप केलेलं. ते गावच्या गुरुजींनी वाचून सांगितलं होतं. आपला मुलगा तीन आठवडे कामावर गैरहजर असून इस्पितळात होता असं कळतं. इस्पितळाचा कागद इंग्रजी भाषांतरासह पंधरा दिवसांत इकडे पाठवावा. प्रशिक्षणाला अयोग्य आढळल्यास त्याला परत बोलावण्यात येईल. दुसरा कागद तोच, इस्पितळाचा. तिकडच्यांनी तो घरच्या पत्त्यावर धाडला होता. जांभळ्या शाईत, हातानं लिहिलेला, दीड पान, सगळा रशियनमध्ये.

सिद्दीक वाचू लागला. तारबाबूच्या तोंडाकडं माणसं डोळे लावून बसतात, हे त्याला पंधरा वर्षं माहीत होतं आणि चेहरा कोरा ठेवायची विद्याही त्याला अवगत होती. त्या दिवशी ती विद्या दगा देऊन गेली.

"काय हाय?" पोपटराव म्हणाले.

हाताला लागलेली सवय वाईट असते. सिद्दीकनं समोरच्या तारेच्या कोऱ्या फॉर्मवर भराभरा तीन ओळी इंग्रजीत लिहिल्या आणि त्याच मराठीत वाचून दाखवल्या. "उष्णतेनं रोग्याच्या डोक्यावर परिणाम. सरकारनं खिडकी बंद केली असं सांगतो. देखरेख हवी."

दीड पानाचं त्यानं तीन ओळींत आटोपलं होतं. तारेत हेच करतात. जेवढं गाळता येईल तेवढं गाळतात. पण वाचून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं की दिल्लीच्या साहेबापुढं या तीन ओळी गेल्या, तर पोरगं पुढच्या बोटीनं घरी.

 पोपटरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"येडा ठरीवला म्हना की."

"तसं लिहिलेलं नाही, आप्पा."

"मग डोक्यावर परिनाम म्हंजी काय? तारबाबू, तुमी एक करा. ताप लिवा. टायफाड लिवा. दिल्लीला कोन रशियन वाचतोय?"

"एखादा वाचणारा निघाला तर? मूळ कागद सोबत जाणार. खोटं सापडलं तर पोराचं सगळंच संपलं. आणि निरोप बदलायचा नाही, एवढी एकच गोष्ट मला नोकरीत शिकवलीय."

पोपटरावांनी आवाज चढवून पाहिला. आमदारांचं नाव घेतलं. सिद्दीक खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी तो मोठा माणूस एकदम ढासळला. "माजं काय बी हुंद्या. पर त्या पोराला येडा म्हनून गावात आनू नगा. तेच्या जल्माला चिकटंल ते."

 "चार दिवस द्या," तो म्हणाला. "मी घाई केली. नीट, शब्दाला शब्द बसवतो. बुधवारी या."

त्या संध्याकाळी ड्यूटी संपवून तो क्वार्टरवर आला आणि ओट्यावर पाट घेऊन कागद, रशियन-इंग्रजी कोश आणि शिसपेन्सिल मांडून बसला. नीट वाचल्यावर त्याला पहिली गोष्ट कळली ती ही, की लिहिणारी डॉक्टरीण बाई होती आणि बाईंना लिहायची आवड होती. गरमीसाठीच त्यांनी तीन निरनिराळे शब्द वापरले होते. एक झ्नोय, म्हणजे बाहेरची, आग ओकणारी गरमी. दुसरा दुखाता, म्हणजे आतली, वारा कोंडलेल्या खोलीतली. तिसरा साधा. पोराच्या अवस्थेला तर चार शब्द होते आणि त्यातला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नव्हता.

गंमत अशी की मराठीत हे सगळे शब्द जणू हात जोडून उभे होते. ऊन, उकाडा, उष्मा, काहिली. घालमेल, तगमग, तलखी, उलघाल. एका ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं की रोग्याला स्वतःसाठी जागा सापडत नव्हती. सिद्दीकनं क्षणाचाही विचार न करता शेजारी लिहिलं, जिवाला थारा नव्हता. रशियातल्या बाईला आपल्याकडचा थारा कसा ठाऊक, याचं त्याला राहून राहून नवल वाटलं.

इंग्रजीपाशी मात्र गाडी अडली. हॉट. व्हेरी हॉट. त्यापुढं काय? दीडशे वर्षं या मुलखात राहून साहेबानं उकाड्याला शब्द केला नाही. कशाला करील, तो चैत्र लागला की महाबळेश्वर गाठायचा. जागा सापडत नव्हती हे जसंच्या तसं इंग्रजीत घातलं तर दिल्लीचा कारकून म्हणणार, पोराला खोली मिळाली नव्हती. त्रेवोगा, म्हणजे जिवाची धाकधूक, या शब्दाला कोशात अलार्म दिला होता, आणि अलार्म म्हटलं की रेल्वेच्या माणसाला डब्यातली साखळी दिसते. घालमेलीला त्यानं एजिटेशन लिहिलं आणि घाबरून लगेच खोडलं. त्या सालात एजिटेशन म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचं, मोर्चा आणि लाठीमार. दिल्लीवाला म्हणायचा, हा पुणे जिल्ह्यातला पोरगा रशियात जाऊनसुद्धा गप बसला नाही.

"काय लिवताय एवढं खोडखोडून?" मुमताज, त्याची बायको, दळण निवडता निवडता म्हणाली.

त्यानं तिला सगळं सांगितलं. "एक शब्द मिळत नाही बघ. उकाड्यानं होते ती तगमग. एका शब्दात बसायला पाहिजे."

"एका कशापायी? दहा वापरा. तुमी काय तार करताय का? कागद धाडायचाय न्हवं?"

सिद्दीक तिच्याकडं बघतच राहिला. ती खाली बघून खडे काढत होती. पंधरा वर्षांत आपण शब्द वाचवायला एवढे शिकलो, की खर्च करायचे विसरलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जरा लाजच वाटली.

तरी मूळ दुखणं बाकी होतंच. ते उकाड्याचं नव्हतं, खिडकीचं होतं. कागदात लिहिलं होतं की खिडकी का उघडली नाही असं विचारल्यावर रोगी ठामपणे, पुन्हा पुन्हा सांगतो की खिडकी सरकारी कागदानं बंद केलेली आहे आणि तो कागद फाडणं हा गुन्हा आहे. सिद्दीकचं मन म्हणत होतं, असेल बुवा. रशियाचं सरकार खिडक्या बंद करतही असेल. आपण कुठं पाहायला गेलोय?

रविवारी त्यानं पुण्याच्या वर्गात शिकवणाऱ्या सबनीसबाईंना हे विचारलं. बाई दोन वर्षं मॉस्कोला राहून आल्या होत्या. त्या हसायला लागल्या.

"अहो, सरकार कशाला? तिकडे थंडीत फटींतून वारा येतो, म्हणून घरोघर खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. वसंत ऋतू आला की ओल्या फडक्यानं पुसून काढून टाकतात. मीसुद्धा चिकटवायची. सगळ्यांना माहीत असतं."

"नव्या माणसाला?"

"त्याला कुणीतरी सांगतं. किंवा तो स्वतःच ओढून काढतो. साधा कागद तो!"

बाईंना वाटलं आपण शंका फेडली. सिद्दीक मात्र परतीच्या गाडीत लोणी स्टेशन येईपर्यंत सुन्न बसला होता. म्हणजे सरकारनं काहीही बंद केलेलं नव्हतं. एक धडधाकट पोरगा भर उन्हाळ्यात साध्या कागदाला भिऊन बंद खोलीत उकडत राहिला होता. याला वेड म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? ताप लिवा म्हणणाऱ्या बापाबद्दलचा राग त्याच्या मनातून गेला.

बुधवारी पोपटराव आले ते एकटे नव्हते. बरोबर सरूबाई होत्या, त्यांच्या मंडळी. नवऱ्यानं नको म्हटलं असतानाही त्या बैलगाडीत चढून बसल्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणाऱ्या. सिद्दीकनं त्यांना क्वार्टरवरच नेलं. मुमताजनं पाणी दिलं, चहाला आधण ठेवलं.

"भाऊ," सरूबाई म्हणाल्या, "ह्यांनी मला नुसतं डोकं फिरलं म्हनून सांगितलं. मला समदं ऐकायचंय. एक बी शबुद गाळू नगा."

सिद्दीकनं पोपटरावांकडं पाहिलं. ते भिंतीकडं बघत होते. मग त्यानं चार दिवस बसून केलेलं मराठी वाचायला घेतलं.

"आजारी जयसिंग, वय तेवीस. जुलैमध्ये आमच्या गावात काहिली पडली होती. दिवसा रस्ते ओस पडत. रोगी कोपऱ्यातल्या खोलीत एकटा राहतो, त्या खोलीत वारा नाही. तिथं असा उकाडा साठला होता की आमची नर्स दोन मिनिटांत बाहेर आली. शेजारी सांगतात की तो पंधरवडाभर झोपला नाही. जिवाला थारा नव्हता. रात्रभर बोळात फेऱ्या मारायचा, पुन्हा आत जाऊन पडायचा, पुन्हा उठायचा. नुसती तगमग. पंचवीस तारखेला पहाटे चार वाजता तो धावत नदीवर गेला आणि कपड्यांसकट पाण्यात उतरून बसला. पोलिसानं त्याला आमच्याकडं आणलं."

"पवनार हाय त्यो," सरूबाई हळूच म्हणाल्या. "बुडायचा न्हाई."

"आम्ही त्याला मोकळ्या व्हरांड्यात खाट दिली. तो एकोणीस तास झोपला. उठल्यावर शांत होता. लाजत होता. त्याला विचारलं, खोलीची खिडकी का उघडली नाहीस? तेव्हा तो म्हणाला, खिडकीच्या फटींवर कागद चिकटवून सरकारनं ती बंद केली आहे. तो कागद फाडला तर..."

"तर घरच्या मानसाला धरून नेत्यात!" सरूबाईंनी वाक्य पुरं केलं. तोंडातला पदर सुटला. "आगं बया! शिरूर! आवो, ते शिरूरचं हाय!"

कागदात पुढं तेच लिहिलं होतं. तो कागद फाडला तर घरच्या माणसाला धरून नेतात, असं रोगी म्हणतो. सिद्दीकनं मान वर केली. "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"मला न्हाई कळनार तर कुनाला? शिरूरला माजं माह्यार. माज्या दोन भावांत घरावरनं दावा लागलेला. कोर्टाचा बेलीफ आला आन् मदल्या खोलीला कागद लावून, वर लाख लावून सील करून गेला. जयसिंग तवा नऊ वर्साचा. दिवाळीला माज्यासंगं गेल्याला. तेचा भवरा त्या खोलीत ऱ्हायल्याला. पोरानं सरळ कागद फाडला, भवरा घिऊन आला. दुसऱ्या दिशी बेलीफ हजर. माज्या भावाला, हरिबाला, शिपाई घिऊन गेलं. दिसभर कोर्टात हात जोडून हुबा व्हता. सांच्याला सोडला. आन् मग..."

त्या थांबल्या. नवऱ्याकडं पाहिलं.  स्टेशनात एक इंजिन पाणी घेत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"सांग की," पोपटराव म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "मग म्या राहूवरनं गेलो आन् पोराला कासऱ्यानं झोडापला. माज्या अब्रूचा परश्न व्हता. पुन्यांदा सरकारी कागदाला हात लावलास तर हात तोडीन म्हनालो. आटवडाभर पाठीवर वळ व्हतं." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "त्यो येडा न्हाई, तारबाबू. म्या सांगितल्यालं ऐकत व्हता. पार तिकडं जाऊन सुदीक ऐकत व्हता."

सिद्दीकला जे वाटलं ते सुटका झाल्यासारखं होतं. एवढी सुटका, की अशा दुःखाच्या वेळी आपल्याला हसू येतंय याची त्याला चोरी वाटली. पण सरूबाईच आधी हसल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "ताप न्हाई, भूत न्हाई, काय न्हाई. माजं लेकरू सरकारला भ्यालं!" मुमताजही हसायला लागली. चहा उतू गेला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

"ऱ्हायल्यालं वाचा," पोपटराव म्हणाले.

राहिलेलं थोडंच होतं. आता रोगी जेवतो, झोपतो, व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांची पाण्याची भांडी भरून देतो. शरीर उत्तम. खिडकीबद्दलचं मत मात्र सोडत नाही, म्हणून काही दिवस देखरेख असावी.

त्यानंतर सिद्दीकनं इंग्रजी लिहायला घेतलं ते न अडखळता. सबनीसबाईंनी सुचवलेला ऑप्रेसिव्ह, म्हणजे कोंदटही आणि जुलमीही, हा शब्द त्यानं आधी घातला आणि मग काढला, कारण सरकार आणि खिडकी ज्या पानावर आहेत त्या पानावर तो नको होता. शब्द जिथं मिळाला तिथं शब्द, नाही मिळाला तिथं काय घडलं ते. खोलीतली हवा हलत नव्हती. नर्स दोन मिनिटांत बाहेर आली. तो पडायचा आणि उठायचा. दिल्लीच्या साहेबाच्या डोक्यावर पंखा असेल, पण तोही कधीतरी लहान होता आणि कुठल्यातरी गावात मे महिन्यात उघडाबंब पडून राहिला असेल, असं धरून सिद्दीकनं लिहिलं. गाळलं काही नाही. सरकारी कागदाचं वाक्यसुद्धा आहे तसं ठेवलं. दीड पानाचं इंग्रजीत अडीच पानं झालं, आणि खिडक्यांच्या पट्ट्यांबद्दल एक टीप सबनीसबाईंच्या सहीनं वेगळी जोडली.

तिसरा कागद पोपटरावांचा होता. तो त्यांनी सिद्दीकच्या ओट्यावर बसून स्वतःच्या हातानं मराठीत लिहिला, आणि सिद्दीकनं खाली इंग्रजी केलं. त्यात शिरूरचं सील होतं, भोवरा होता, हरिबाचं कोर्टात उभं राहणं होतं. शेवटी लिहिलं होतं: "मी मुलाला गुरासारखे मारले. तो कागदाला भितो याचे कारण मी आहे. मुलात खोट नाही." लिहून झाल्यावर त्यांनी चेअरमनची सही करतात तशी लफ्फेदार सही केली, मग ती खोडली आणि खाली साधं नाव लिहिलं.

रजिस्टर टपालानं सगळं गेलं. पंधरापैकी अकरावा दिवस होता.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. ते राहूला आलं आणि गुरुजींनी ते वाचून दाखवलं. तरीही पोपटराव आणि सरूबाई ते घेऊन दौंडला आले, कारण सिद्दीकच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते खरं वाटेना. आता थंडी पडू लागली होती. मुमताजनं ओट्यावर उन्हात खाट टाकली. सिद्दीकनं लिफाफ्यातला कागद काढला आणि उभ्यानंच वाचला. कागदपत्रं पाहिली. मुलगा प्रशिक्षणास योग्य आहे. प्रशिक्षण पुढे चालू राहील. गैरहजेरीचे तीन आठवडे आजारपणाच्या रजेत धरले आहेत. आणि खाली, टाइप केलेल्या मजकुराबाहेर, कुणीतरी शाईनं एक ओळ जोडली होती. ती सिद्दीकनं दोनदा वाचली. मुलाला दुसरी खोली देण्यास कळवले आहे. पण त्यास पत्र लिहावे, तो घरच्या पत्राची वाट पाहतो असे समजते.

"आमच्या?" पोपटराव म्हणाले. "आमी तेच्या कागदाची वाट बघतोय आन् त्यो आमच्या?"

"तो लाजतोय, आप्पा. घरी कळलं असेल म्हणून लिहीत नाही."

"मग लिवा. आत्ता लिवा. मी सांगतो तसं."

"तुम्हीच लिहा की. अक्षर चांगलं आहे तुमचं."

"न्हाई, न्हाई. माजं अक्षर बघितल्यासरशी त्याच्या पोटात गोळा यील. तुमी लिवा."

पोपटराव खाटेवर टेकले. फेटा उशाला घेतला, पाय पसरले. सिद्दीक पाटावर कागद घेऊन बसला. सरूबाई पायरीवर बसून मुमताजबरोबर घेवडा निवडत होत्या.

"चिरंजीव जयसिंग यास. अनेक आशीर्वाद," पोपटराव सांगू लागले. "दिल्लीचा कागद आला. तुजं शिक्षान चालूच ऱ्हाईल. घरी समदं कळलंय. कुनी बी नावं ठिवली न्हाईत. तुज्या आईनं... तुज्या आईनं गावजेवान घालायचं काढलंय. घाल म्हनालो." थोडं थांबून ते म्हणाले, "पुढं लिवा. त्या खिडकीचा कागद फाड. मी सांगतो म्हनून फाड. शिरूरला मी तुला मारलं ते..."

सिद्दीक टाक उचलून वाट बघत राहिला. वाक्य अवघड होतं, वेळ लागणारच, असं समजून त्यानं वर पाहिलंच नाही. बराच वेळ गेला. मग घोरण्याचा आवाज आला.

भर उन्हात, तोंड उघडं टाकून पोपटराव गाढ झोपले होते. एक हात खाटेखाली लोंबत होता. सिद्दीक उठून हाक मारणार, तेवढ्यात सरूबाईंनी हातानं त्याला थांबवलं. त्या उठून जवळ आल्या, नवऱ्याच्या तोंडावर ऊन येत होतं तिथं पदर धरून उभ्या राहिल्या, आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या.

"श्रावनापास्नं डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रातभर वसरीत येरझाऱ्या. मी बगायची. बोलायची न्हाई."

"उठवू का? पत्र अर्धं राहिलंय. पाचची गाडी आहे तुमची."

"ऱ्हाऊ द्या गाडी. न्हाई तर सकाळची हायच." त्यांनी पाटावरच्या कागदाकडं बोट केलं. "मी सांगते, लिवा. शिरूरला मी तुला मारलं ते, असं हाय न्हवं तिथं? त्याच्याफुडं लिवा. एवढं सांगता सांगता तुजा बाप झोपला."

सिद्दीकचा टाक थांबला. "एवढंच?"

"एवढंच," सरूबाई म्हणाल्या. "त्याला समजंल."